वडाचे खोड गेले, वड राहिला?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे बेंगळुरूत आलो आणि आता निवृत्त होऊन मल्लेश्वरममध्येच स्थायिक झालो आहे. गेल्या महिन्यात आमची काही मराठी मंडळी म्हैसूर रस्त्याने केतोहळ्ळीला 'दोड्ड आलद मर' पाहायला गेली होती. तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, की झाड चारशे वर्षांचे आहे, पण मूळ खोड रोगाने केव्हाच गेले. मी विचारले, मग चारशे वर्षांचे काय उरले? ते नुसते हसले. घरी येऊन पुतणीला विचारले. ती इथेच जीवशास्त्रात संशोधन करते. ती म्हणाली, ''काका, हा बायॉलॉजीचा प्रश्नच नाही, हा फिलॉसॉफी ऑफ बायॉलॉजीचा आहे.'' असा विषय खरोखर असतो का? त्यात येते तरी काय? की विज्ञानाला उत्तर सापडेपर्यंत वेळ काढायची ती एक सोय आहे?

– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : तुमच्या पुतणीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे हे खरे. तो जीवशास्त्राचा नाही, हे मात्र खरे नाही. 'इथे झाडे किती?' एवढी नोंद वहीत करायची म्हटली तरी 'एक झाड' कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे लागते. तो निर्णय दुर्बिणीतून दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकातूनही नाही. म्हणून तो तत्त्वज्ञानाचा. पण झाड कसे वाढते हे माहीत असल्याशिवाय तो घेताही येत नाही. म्हणून तो जीवशास्त्राचाही.

आता वडाकडे वळू. कन्नडमध्ये 'दोड्ड आलद मर' म्हणजे मोठे वडाचे झाड. पसारा सुमारे तीन एकरांचा. वडाच्या फांद्यांवरून पारंब्या सुटतात, जमिनीला टेकल्या की मुळे धरतात आणि जाड होत होत खोडासारख्या होतात. मग मधले खोड गेले तरी भोवतालचा पसारा आपापल्या पायांवर उभा राहतो. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात हाच प्रकार झाला. तिथल्या प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने कुजले म्हणून 1925 मध्ये काढून टाकावे लागले. झाड अजून वाढतेच आहे, आणि लोक ते 'तेच' झाड म्हणून पाहायला जातात.

कोणी म्हणेल, यात एवढे काय? डीएनए तपासा. सगळ्या खोडांचा डीएनए एक, म्हणजे झाड एक. हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण त्याच वडाची फांदी आणून तुम्ही मल्लेश्वरमच्या अंगणात लावली तर तिचाही डीएनए तोच. मग केतोहळ्ळीचे झाड तुमच्या अंगणापर्यंत पसरले म्हणायचे? एकसारख्या जुळ्या भावांचा डीएनए एकच असतो, पण म्हणून त्यांना एक माणूस धरून एकच शिधापत्रिका कोणी देत नाही.

तुम्ही सांगलीचे असलात तरी उदाहरण रत्नागिरीचे घेतो, कारण याहून चांगले मला सुचत नाही. हापूस कोयीपासून लावत नाहीत. कोयीतून येणारे झाड हापूसच देईल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. त्या कलमातून अजून कलमे. म्हणजे कोकणातल्या हापूसच्या बागांमध्ये कलमाच्या वरचा जो भाग फळ देतो, तो बारीकसारीक फरक सोडले तर एकाच कुळीचा, एकाच झाडाचे तुकडे वाढवत नेऊन झालेला. तर मग कोकणात हापूसची झाडे किती? विम्याचा हप्ता भरणारा बागायतदार सांगेल, माझी दोनशे. उत्क्रांतीचा अभ्यासक कदाचित म्हणेल, एक. फक्त फार विखुरलेले. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1977 मध्ये डँडेलियन नावाच्या पिवळ्या फुलांच्या तणाबद्दल असेच म्हटले होते. ते तण परागणावाचून बी धरते आणि सगळी रोपे आईची हुबेहूब नक्कल निघतात. जॅन्झन म्हणाले, मैदानभर पसरलेली ही रोपे वेगवेगळी समजू नका, हे खोड नसलेले एकच मोठे झाड आहे. तुमचा वडही खोडावाचूनच उभा आहे. फरक इतकाच, की त्याचे खोड एकेकाळी होते.

बागायतदार आणि अभ्यासक दोघेही चुकत नाहीत, कारण त्यांना वेगवेगळ्या गोष्टी मोजायच्या आहेत. पण आपण कोणता 'एक' मोजतो आहोत हे न सांगता दोघे भांडायला लागले, तर ते भांडण संपायचे नाही. जीवशास्त्रातली बरीच भांडणे याच जातीची आहेत, आणि ती सोडवताना कोणाचा कोणता 'एक' आहे हे विचारणारा माणूस लागतो. तो तत्त्वज्ञ असेल किंवा प्रयोगशाळेतलाच कोणी असेल, काम तेच.

वडाचाच भाऊ उंबर घ्या. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. खरे तर उंबराला हजारो फुले येतात, पण ती ज्याला आपण फळ समजतो त्याच्या आत असतात. त्या बंद खोलीच्या बारीक दारातून एक इवलीशी माशी आत शिरते. ती तिथे पराग टाकते, अंडी घालते आणि मरते. तिच्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात, आणि नर बहुधा आतच आयुष्य संपवतात. उंबर फोडल्यावर दिसणारे जे किडे पाहून आपण नाक मुरडतो, त्यातले काही उंबराचे पुरोहितच असतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून त्यांना पिढी नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांनी याच उंबराचा आणि त्याच्या माश्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. दोघांना दोन जीव म्हणावे हे सरळ आहे. पण एकाला वगळून दुसऱ्याची व्याख्या पुरी होत नसेल तर सीमारेषा कुठे मारायची? आपल्याबाबतही तेच. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार माणसाच्या शरीरात साधारण 30 लाख कोटी स्वतःच्या पेशी असतात आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. तुम्ही पत्रात 'मी' लिहिलेत त्यात हे धरले होते का, असे विचारत नाही. पण प्रश्न हा असाच निघतो.

या विषयाची चौकट सांगायची तर थोडक्यात सांगतो, कारण यादी वाचून कोणाचेच पोट भरत नाही. प्रश्न जुने आहेत. ॲरिस्टॉटल समुद्रातले प्राणी न्याहाळत होता तेव्हापासूनचे. स्वतंत्र शाखा म्हणून मात्र विषय तरुण आहे: मायकल रूस यांचे पुस्तक 1973 चे, डेव्हिड हल यांचे 1974 चे, आणि 'बायॉलॉजी अँड फिलॉसॉफी' हे नियतकालिक 1986 चे. त्याआधी विज्ञानाचे तत्त्वज्ञान म्हणजे बहुतेक भौतिकशास्त्राचेच तत्त्वज्ञान असे. जीव म्हणजे काय, जाती म्हणजे काय, 'कार्य' म्हणजे काय, नैसर्गिक निवड नेमकी कोणाची होते, माणसाचे वागणे यातून किती कळते, हे त्यातले मोठे विषय. यातला एक घेतो. त्याची किल्ली आपल्या भाषेतच आहे.

आपण 'का?' विचारतो तेव्हा दोन वेगळे प्रश्न विचारत असतो: कशामुळे आणि कशासाठी. मराठीला हे दोन वेगळे शब्द आहेत ही मला नेहमी चैनीची गोष्ट वाटते. कावेरीचे पाणी खाली का वाहते? गुरुत्वाकर्षणामुळे. 'कशासाठी' हा प्रश्न तिथे विचारला तर लोक हसतील. पण हृदय का धडधडते? 'कशामुळे' याचे एक उत्तर आहे, विजेच्या लहरीचे आणि स्नायूंचे. 'कशासाठी' याचेही उत्तर आहे: रक्त फिरवण्यासाठी. इथे कोणी हसत नाही. मात्र गंमत अशी, की हृदय आवाजही करते आणि डॉक्टरांना त्या आवाजाचा मोठा उपयोग होतो. तरीही हृदय आवाज करण्यासाठी असते असे आपण म्हणत नाही. का म्हणत नाही? दोन्ही गोष्टी ते दर ठोक्याला करतेच आहे. बनवणाऱ्याचा हेतू म्हणावा, तर बनवणारा कोण? कांटने 1790 मध्ये लिहिले, की गवताचे पातेही नुसत्या यांत्रिक नियमांनी समजावून देईल असा न्यूटन कधी होईल ही आशा करू नये. पुढे सत्तर वर्षांच्या आत डार्विनचे पुस्तक आले.

डार्विनने 'कशासाठी' खोडून काढले असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्याने 'कशासाठी'चे रूपांतर एका लांबलचक 'कशामुळे'त केले. पूर्वजांची हृदये रक्त फिरवत होती, त्यामुळे ते जगले, त्यांना पोरे झाली आणि आपल्याला हृदय मिळाले. आवाजामुळे कोणी जगले नाही. म्हणून रक्त फिरवणे हे कार्य, आवाज ही सोबत आलेली गोष्ट. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1961 मध्ये जीवशास्त्रातले जवळचे कारण आणि दूरचे कारण असा भेद मांडला, तो जवळपास हाच. या उत्तरातही एक खड्डा आहे. दूरचे कारण डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे रचून सांगायला सोपे जाते. 'अमर व्हावे म्हणून वडाने पारंब्या सोडल्या' हे वाक्य तुम्हीही केतोहळ्ळीला ऐकले असेल. ऐकायला गोड. पण वडाचे बी पुष्कळदा पाखरांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या खोबणीत किंवा भिंतीच्या भेगेत पडून रुजते आणि त्याला वरूनच खाली मुळे पाठवावी लागतात. पारंब्यांची गोष्ट तिथून सुरू झाली असेल आणि दीर्घायुष्य ही हृदयाच्या आवाजासारखी सोबत आलेली गोष्ट असेल. कोणते खरे, हे पुराव्याने ठरेल. पण एक सुबक गोष्ट सुचली म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हा इशारा गूल्ड आणि लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दिला आणि तो अजूनही पुष्कळांना झोंबतो.

हे सगळे दूरदेशचे वाटत असेल तर तुमच्या घराजवळच या. मल्लेश्वरमला खेटून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे बेंगळुरूची जुनी माणसे जिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात तिथे, राघवेंद्र गदगकर यांनी सगळी कारकीर्द एका गांधीलमाशीवर घालवली. तिचे शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात ती सर्रास दिसते. छपराखाली, खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखे उघडे पोळे बांधते. गदगकरांनी तिच्यासाठी जाळीची खोली केली. जाळीची भोके अशी, की या माश्या ये-जा करतील पण त्यांची पोळी लुटणारी मोठी गांधीलमाशी आत येणार नाही. साधन म्हणावे तर माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका, वही आणि तासन्‌तास बसण्याची तयारी.

या पोळ्यात सगळ्या माद्या दिसायला सारख्या. अंडी एकच घालते, बाकीच्या राबतात. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी 1983 मध्ये नुसत्या वागण्याच्या नोंदींवरून माश्यांचे तीन गट पाडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या. राणी कोणत्या गटात असेल? आपण म्हणू, भांडणाऱ्यांत. राणी म्हटली की दरारा आलाच. ती निघाली बसून राहणाऱ्यांत. तिच्याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या एका जातीत मात्र राणी भांडकुदळ असते. म्हणजे 'राणी' या शब्दाबरोबर आपण सिंहासन, हुकूम, दरबार हे सगळे पोळ्यात नेऊन ठेवतो आणि मग तेच शोधत बसतो. युरोपात तर शतकानुशतके मधमाश्यांच्या राणीला राजा समजत होते. शब्द निवडला की निम्मा निष्कर्ष निवडला जातो. 'राणी' ऐवजी 'अंडी घालणारी' म्हटले असते तर तिच्या गरीबपणाचे आश्चर्यच वाटले नसते.

आता ही राणी उचलून बाजूला काढली तर काय होते? काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते. राणी परत ठेवली नाही तर आठवड्याभरात तीच राणी होते. ती कोण असेल हे आधी निरीक्षकाला कळत नाही. माश्यांना कळत असते का? अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी पोळ्याच्या मधोमध जाळी घालून दोन भाग केले. राणी एका भागात. दुसऱ्या भागात एक वारसदार उभी राहिली. मग राणी तिच्या बाजूला हलवली आणि पलीकडे काय होते ते पाहिले. कधी पहिलीच वारस टिकली. कधी पहिलीला मागे सारून दुसरी पुढे आली आणि पहिलीने भांडणतंटा न करता माघार घेतली. तिसरीची वेळ आली नाही. म्हणजे क्रम आधीच ठरलेला असावा. 2008 मध्ये त्यांनी हा निबंध छापला, तेव्हा शीर्षकाचा अर्थ असा होता, की माश्यांना 'कळते' हे आम्हाला कळते. माश्यांच्या 'कळते'ला अवतरणचिन्हे, आपल्या 'कळते'ला नाहीत. ती दोन चिन्हे का लागली, आणि आपल्या बाजूला का लागली नाहीत, एवढ्याचेच उत्तर द्यायला बसलात तर मन म्हणजे काय या प्रश्नाला तुम्ही थेट जाऊन भिडता. कोणी तुम्हाला तिथे ढकलत नेत नाही.

आणि बाकीच्या माश्या राबतात तरी का? ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये हिशेब मांडला, की नात्यातल्यांना वाढवणे हाही आपली जनुके पुढे नेण्याचाच मार्ग आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना ही कल्पना आधीच सुचली होती. ते 1957 मध्ये भारतात आले आणि इथेच राहिले. गांधीलमाश्यांत आणि मधमाश्यांत तर सख्ख्या बहिणींचे नाते पाऊण असू शकते, आई-मुलीचे मात्र अर्धेच. म्हणजे मुलीपेक्षा बहीण वाढवणे फायद्याचे. हिशेब सुरेख होता. पण बेंगळुरूच्या पोळ्यांत मोजले तर नाते पुष्कळ कमी भरले, कारण राणीचे नर एकाहून जास्त असतात आणि राण्याही बदलतात. मग गदगकरांनी दुसरे कारण पुढे आणले: एकटीने पोळे मांडणारी मादी पिल्ले मोठी होण्याआधी मेली तर सगळे कष्ट वाया जातात, पण भरल्या घरात राबणारी मेली तरी तिचे काम बाकीच्या पुढे नेतात. थोडे, पण खात्रीचे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हा युक्तिवाद लगेच पटेल. तिथेच जरा थांबा. माशीच्या 'त्यागा'त हेतू नसतो, तिथे फक्त पिल्लांची बेरीज-वजाबाकी असते. आपल्या घरातल्या काकूच्या त्यागात बेरीज कोणी केलेली नसते. शब्द एक, गोष्टी दोन.

शब्द घसरला की काय होते याचे अधिक अवघड उदाहरण आपल्याच घरातले आहे. पुण्याचे माधव गाडगीळ 1973 मध्ये याच भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि 1983 मध्ये त्यांनी तिथे परिसरशास्त्राचे केंद्र उभे केले. त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या भटक्या समाजांचा अभ्यास केला. फासेपारधी फासे लावून काळवीट नि पाखरे धरत, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या आणि घोरपडीच्या मागे जात, वैदू सापळ्यात छोटे प्राणी पकडत. एकाच मुलखात राहूनही शिकार वेगळी, त्यामुळे ओढाताण कमी. निरीक्षण बारकाईचे आहे आणि मला ते मोलाचे वाटते. पण 1983 च्या निबंधात त्यांनी याच अंगाने जातिव्यवस्थेच्या 'अनुकूलना'कडे पाहिले, आणि इथे मी थबकतो. पक्ष्यांच्या दोन जाती वेगवेगळे किडे खातात ती वाटणी कोणी कोणावर लादलेली नसते. माणसांची वाटणी लादलेली असू शकते, आणि आपल्याकडे होती. अनुकूल, पण कोणाला? 'कोणासाठी' हा तिसरा प्रश्न परिसरशास्त्राच्या वहीत रकाना नसल्यामुळे सुटून जातो. डॉ. आंबेडकरांनी तो 1936 मध्येच विचारला होता: जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. गाडगीळांचा हेतू जातीचे समर्थन करण्याचा होता असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे आयुष्य त्याच्या उलट साक्ष देते. मी एवढेच म्हणतो, की 'अनुकूलन' हा शब्द रानातून गावात येताना वेशीवर अडवून तपासायला हवा होता. ते काम करणारी शाखा म्हणजे तुमच्या पुतणीने सांगितलेला विषय.

विज्ञानाला उत्तर सापडेपर्यंत वेळ काढायची ही सोय आहे का, असे तुम्ही विचारलेत. काही प्रश्नांबाबत होती, हे कबूल करतो. सजीवात एक वेगळी प्राणशक्ती असते का यावर पुष्कळ शाई खर्च झाली आणि रसायनशास्त्राने तो प्रश्न हळूहळू मोडीत काढला. वोलर यांनी 1828 मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केला, ती त्याची सुरुवात. पण बाकीचे प्रश्न माहिती वाढली की मिटत नाहीत, उलट धारदार होतात. जिवाणू मोजता आले नव्हते तोवर 'मी कोण' हा प्रश्न निदान शरीरापुरता तरी सोपा होता. टाटा इन्स्टिट्यूटलाही हे उमगले असावे. तिथे 2004 मध्ये सेंटर फॉर कंटेम्पररी स्टडीज सुरू झाले, विज्ञानाबाहेरच्या विद्वानांना वैज्ञानिकांमध्ये आणून बसवायला, आणि ते उभे करणारे गृहस्थ गांधीलमाश्यांचेच होते.

आता तुमच्या वडाबद्दल माझे मत. वाढ कधी खंडली नाही आणि फांद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत तोवर तो एकच वड आहे, आणि चारशे वर्षे हे वयही त्याचेच. खोड हा त्याचा एक भाग होता, तो गेला. जोड तुटून वेगळाले झुबके झाले असतील, तर एका वडाचे अनेक वड झाले, आणि त्यातला मूळचा कोणता, हा प्रश्न तिथे लागू होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी केतोहळ्ळीला गेलात की खाली खोडे मोजत बसू नका. मान वर करून फांद्या कुठून कुठे जातात ते पाहा आणि मला कळवा. आणि घरी छपराखाली गांधीलमाशीचे पोळे दिसले तर झाडू आणण्याआधी चार हात लांब उभे राहून दहा मिनिटे पाहा. सगळ्यात गरीब दिसेल तीच राणी असण्याची शक्यता जास्त.